कांडी, कागद आणि जेली

गेल्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात 'जिलेटिन' हा शब्द माझ्यासमोर तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा होता. सोमवारच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर एका टेम्पोतून जिलेटिनच्या कांड्या आणि डिटोनेटर जप्त केल्याची बातमी होती. बुधवारी आकाशकंदिलासाठी कागद आणायला गेलो, तेव्हा स्टेशनरीच्या दुकानातल्या काकांनी "पतंगाचा देऊ की जिलेटिन?" असे विचारले आणि मी लाल व पिवळ्या जिलेटिनचे दोन-दोन ताव गुंडाळी करून घरी आणले. शनिवारी बहिणीने सांगितले म्हणून केकचे सामान मिळते त्या दुकानातून जिलेटिनच्या पुडीचे पाकीट आणले, कारण तिला पाहुण्यांसाठी अननसाची जेली करायची होती. सुरुंग, कागद आणि खाऊ या तीन वस्तूंचा एकमेकींशी काडीचा संबंध नसताना मराठी माणूस त्या तिघींना एकाच नावाने हाक मारतो आणि त्यात कोणाचा कधी घोटाळा होत नाही, हे माझ्या प्रथमच लक्षात आले, आणि कंदिलाच्या कामट्या बाजूला ठेवून मी कोश उघडून बसलो.

कोशातला अर्थ सरळ आहे. जनावरांची कातडी, हाडे आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे पांढरे दोर यांत कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. आम्ल किंवा अल्क यांची प्रक्रिया करून ते दीर्घकाळ गरम पाण्यात ठेवले की त्याचे धागे सुटे होतात आणि पाण्यात उतरतात. तो अर्क गाळून आणि सुकवून जे फिकट पिवळे, जवळजवळ बिनवासाचे द्रव्य मिळते, ते जिलेटिन. ही व्याख्या प्रमाण धरली, तर माझ्या तिन्ही जिलेटिनांपैकी फक्त शनिवारचे जिलेटिन खरे ठरते. सुरुंगाच्या कांडीत आणि कंदिलाच्या कागदात या द्रव्याचा कणही नसतो. मग नाव तिथवर पोचले कसे, याचे उत्तर मला शब्दाच्या मुळातच सापडले. जिलेटिन हा शब्द मुळात कोणत्याही द्रव्याचे नाव नव्हता, तो एका घटनेचे नाव होता, आणि ती घटना म्हणजे गोठणे.

लॅटिनमध्ये 'गेलू' म्हणजे कडाक्याची थंडी, हिमदव, आणि 'गेलारे' म्हणजे गोठणे किंवा गोठवणे. त्यावरून 'गेलातुस', म्हणजे गोठलेला. लॅटिनमधला हा कठोर 'ग' पुढे इटालियन भाषेत मऊ होऊन 'ज' झाला आणि फ्रेंचमध्ये आणखी विरघळून 'झ'सारखा उच्चारला जाऊ लागला. इटालियन लोकांनी गोठलेल्या गोड पदार्थाला 'जेलातो' म्हटले, म्हणजे त्यांचे आईस्क्रीम, आणि मांसाच्या गार झालेल्या, थरथरणाऱ्या रसाला 'जेलातिना' म्हटले. फ्रेंचांनी त्यावरून 'झेलातीन' केले, इंग्रजांनी ते फ्रेंचांकडून घेतले, आणि आपण ते इंग्रजांकडून घेताना पहिल्या अक्षराला वेलांटी देऊन 'जिलेटिन' केले. इंग्रजीतला 'जेली' हा शब्द याच घराण्यातला, पण बराच जुना. तो चौदाव्या शतकात जुन्या फ्रेंचमधल्या 'झेले'वरून आला, आणि फ्रेंचमध्ये या शब्दाचे आजही दोन्ही अर्थ जिवंत आहेत: पहाटे गवतावर साचलेले पांढरे हिमही 'झेले' आणि पावावर लावायचा फळाचा गोठलेला रसही 'झेले'. पोर्तुगीजमध्येही तेच दिसते. 'जेलो' म्हणजे बर्फ, 'जेलादो' म्हणजे आईस्क्रीम आणि 'जेलेया' म्हणजे जेली. पणजीच्या एखाद्या जुन्या पोर्तुगीजभाषक घरात हे तिन्ही शब्द एकाच जेवणात कानावर पडू शकले असते.

या मुळाचा दुसरा फाटा जर्मानिक भाषांत गेला. त्या भाषांत मूळच्या 'ग'चा 'क' होतो, हा नियम जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोप ग्रिम यांच्या नावाने ओळखला जातो, आणि तो इथे चपखल बसतो. इंग्रजीतले 'कोल्ड' आणि 'कूल' हे दोन्ही शब्द लॅटिनच्या 'गेलू'चे चुलतभाऊ आहेत. याचा एक गमतीदार परिणाम असा, की केसांना लावायच्या डबीवर 'कूल जेल' असे छापलेले असते, तेव्हा मुळात 'थंडगार' या मराठी शब्दासारखीच द्विरुक्ती झालेली असते. फरक एवढाच, की थंडगार म्हणताना आपल्याला ती कळते.

लॅटिन माणसाने पाण्याचा बर्फ होणे आणि रश्श्याची जेली होणे या दोन क्रियांना एकच क्रियापद का वापरले असेल? रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्या पूर्ण वेगळ्या क्रिया आहेत. बर्फ होताना पाण्याचे रेणू शिस्तीने एकमेकांना चिकटतात. जेली होताना पाणी पाणीच राहते आणि प्रथिनांच्या धाग्यांच्या जाळ्यात अडकून बसते. पण डोळ्यांना आणि बोटांना दिसते ते सारखेच असते: थंडी पडली आणि वाहणारे थांबले. मराठीत आपण याबाबतीत जरा अधिक चोखंदळ आहोत, असे मला वाटते. पाणी गोठते, तूप थिजते, दूध विरजते, रक्त साकळते, साय धरते, वडीचा पाक घट्ट होतो, आणि या जागा सहसा कोणी एकमेकींत बदलत नाही. 'दही गोठले' असे म्हणणाऱ्याला घरातली माणसे हसतील. जिलेटिनच्या बाबतीत आपल्या घरात स्वाभाविकपणे तोंडी येणारे क्रियापद 'थिजणे' हेच आहे, कारण तुपासारखेच ते थंडीने घट्ट होते आणि उबेने पुन्हा पातळ होते. दही किंवा उकडलेले अंडे असे मागे फिरत नाही. जिलेटिनला मराठी प्रतिशब्द करायची वेळ कोणावर आली असती, तर तो 'थिज'वरून करायला हवा होता.

थंडी आणि निश्चलता यांची ही सांगड आपल्याकडे अगदीच नाही, असे मात्र नव्हे. 'जड' हा शब्द आपण वजनदार, मंद किंवा निर्जीव या अर्थाने वापरतो, पण अमरकोशात थंड वस्तूच्या विशेषणांची जी यादी आहे, तीत शिशिर, तुषार, शीतल, हिम यांच्या पंक्तीला 'जड' बसलेला आहे. संस्कृतात जो गारठला तोच जड झाला. बधिर झालेला पाय, थिजलेले पाणी आणि न हलणारी बुद्धी या सगळ्यांना एक शब्द पुरला. आज मराठीत त्यातला गारवा निघून गेला आणि वजन मागे उरले.

इथवर थंडीची बाजू झाली. पण या वस्तूला दुसरीही बाजू आहे आणि तिचे शब्द ग्रीकांकडून आले आहेत. तेच द्रव्य कमी शुद्ध केले, अधिक उकळले आणि गार होण्याआधीच दोन फळ्यांमध्ये घातले, तर ते जेली राहत नाही, सरस होते. मी लहान असताना आमच्या वाड्याच्या मागच्या पडवीत एक सुतारकाका पाट आणि चौरंग दुरुस्त करायला येत असत. त्यांच्याजवळ सरसाची तपकिरी, काचेसारखी चिप असे. ती फडक्यात गुंडाळून हातोडीने ठेचायची, तुकडे रात्रभर पाण्यात भिजत घालायचे, आणि सकाळी ते फुगून मऊ झाले की तो डबा उकळत्या पाण्याच्या दुसऱ्या डब्यात ठेवायचा, असा त्यांचा क्रम होता. थेट विस्तवावर ठेवला तर सरस करपतो आणि त्याचा चिकटपणा जातो, असे ते बजावत. त्या डब्याचा वास मात्र असा होता, की आजी पडवीचे दार लावून घेत असे. ही जनावराची वस्तू आहे, हे त्या वासावरून कोणालाही कळले असते, पण देवघरातल्या चौरंगाचा सांधा त्यानेच जोडलेला असे आणि त्याबद्दल घरात कोणी कधी चकार शब्द काढला नाही. हा 'सरस' फारसीतून आला आहे. 'हे त्याहून सरस' मधला सरस संस्कृतातला, रसयुक्त. दोन्ही शब्दांची रूपे मराठीत तंतोतंत जुळली, मुळे मात्र वेगळी आहेत.

सरसाला ग्रीक शब्द 'कोला'. या एका चिकट शब्दाला किती शब्द येऊन चिकटले आहेत, ते पाहण्यासारखे आहे. उकळल्यावर ज्यापासून सरस उत्पन्न होतो ते कोलॅजेन. चित्रावर कागदाचे कपटे डकवून केलेली कलाकृती म्हणजे कोलाज. पपायरसच्या गुंडाळीला अगदी आरंभी डकवलेला पहिला ताव 'प्रोतोकोलोन', आणि त्यावरून आलेला प्रोटोकॉल. ज्या शब्दासाठी आपल्या शासनाने 'राजशिष्टाचार' असा भारदस्त प्रतिशब्द योजला, त्याच्या मुळाशी सरसाचा डबा आहे, हे कळल्यापासून मला मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बातम्या वेगळ्याच वासासह ऐकू येतात.

थंडीचा शब्द आणि सरसाचा शब्द यांची गाठ १८६१ साली पडली. ती घालणारे थॉमस ग्रॅहम हे स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ. कोणते पदार्थ पातळ पडद्यातून झिरपतात आणि कोणते झिरपत नाहीत, हे ते तपासत होते. मीठ आणि साखर भराभर पलीकडे जात. जिलेटिन, डिंक आणि त्यांच्या जातीचे पदार्थ मागे रेंगाळत. या रेंगाळणाऱ्या वर्गाचा नमुना म्हणून त्यांनी जिलेटिनच पुढे केले आणि वर्गाला नाव मात्र ग्रीक सरसावरून 'कोलॉइड' असे दिले. पुढे तीन वर्षांनी त्यांनी 'जेल' हा आखूड शब्दही चालू केला. म्हणजे आज दंतमंजनापासून शाईच्या पेनापर्यंत सर्वत्र चिकटलेला 'जेल' हा काही प्राचीन शब्द नाही. तो जिलेटिनचे शेपूट कापून प्रयोगशाळेत केलेला आहे. कोलॉइडला मराठी परिभाषेत 'कलिल' म्हणतात, आणि परिभाषा करणाऱ्यांच्या कामगिरीत मला हा शब्द फार वरचा वाटतो. तो कानाला मूळ शब्दाच्या जवळचा लागतो आणि तरीही उसना नाही, कारण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात बुद्धी ज्यातून पार पडायची आहे तो गढूळ गुंता 'मोहकलिल' असाच वर्णिला आहे. अडकवून ठेवणारे, आरपार न जाऊ देणारे, दाट असे काहीतरी! ग्रॅहमसाहेबांना पडद्यामागे नेमके हेच दिसले होते.

कोलॅजेनच्या आत नेमके काय आहे, हे सांगण्याचा मान एका भारतीयाकडे जातो. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन यांनी गोपीनाथ कर्ता यांच्यासह १९५४ मध्ये कोलॅजेनच्या रचनेचे प्रारूप मांडले आणि पुढच्याच वर्षी ते अधिक नेमके केले. तीन साखळ्या एकमेकींभोवती वेणीसारख्या पिळलेल्या आहेत आणि प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल आहे, कारण वेणीच्या आत त्याहून मोठ्याला जागाच नाही. तापवल्यावर ही वेणी सुटते, मोकळ्या साखळ्या पाण्यात भरकटतात, आणि गार होऊ लागल्या की जिथे जमेल तिथे पुन्हा तीन-तीनच्या गाठी मारू पाहतात. पूर्वीची वेणी पुन्हा जमत नाही, पण वेड्यावाकड्या गाठींचे जाळे तयार होते आणि पाणी त्यात अडकते. जेली थरथरते ती या अर्ध्यामुर्ध्या वेण्यांच्या जोरावर.

आता सोमवारच्या बातमीकडे येतो. आल्फ्रेड नोबेल यांनी १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले, तेव्हा नायट्रोग्लिसरीन हे अतिशय लहरी तेल एका सच्छिद्र मातीत मुरवून त्यांनी काबूत आणले होते. पण मातीला स्वतःची ताकद नसल्यामुळे स्फोटाचा जोर कमी होत असे, आणि ओल लागली तर तेल पुन्हा बाहेर पाझरत असे. १८७५ मध्ये त्यांना दुसरी युक्ती सापडली. त्या काळी जखमेवर लावायला कोलोडियन नावाचे चिकट औषध मिळत असे. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून, तो ईथर व अल्कोहोलात विरघळवून ते करीत. हे नावही ग्रीक सरसावरूनच आलेले आहे. नोबेल यांचे बोट कापले, त्यांनी त्यावर कोलोडियन लावले आणि त्या रात्री ठणक्याने झोप न लागल्यामुळे त्यांना कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, त्यांनी तसा प्रक्रिया केलेला कापूस थोड्या प्रमाणात, म्हणजे शेकडा सात-आठ भाग, नायट्रोग्लिसरिनात घातला आणि ते तेल थिजून पारदर्शक, लवचीक, दाट रबरासारखे झाले. पाण्यात ठेवले तरी त्याचे काही बिघडेना. जनावराच्या हाडाचा त्यात संबंध नव्हता, पण ते दिसायला आणि बोटाला लागायला थेट स्वयंपाकघरातल्या जिलेटिनसारखे होते, म्हणून त्याचे नाव 'स्फोटक जिलेटिन' पडले. पुढे त्यावरून स्वस्त मिश्रणे निघाली आणि त्यांपैकी एकाला 'जेलिग्नाइट' म्हणू लागले. त्या नावात जिलेटिनला लॅटिन 'इग्निस' म्हणजे अग्नी जोडला आहे, असे सामान्यतः मानतात. हा 'इग्निस' आपल्या 'अग्नी'चा सख्खा नातेवाईक. मुळात गोठणे आणि पेटणे या दोन उलट क्रियांची एका शब्दात इतकी जवळीक मला अन्यत्र आढळलेली नाही.

दख्खनच्या काळ्या कातळात विहीर पाडायची तर पहार आणि सुतकीने काम भागत नाही. त्यामुळे सुरुंग लावणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द गावोगाव पोचला आणि स्फोटके म्हणजे जिलेटिन, असे समीकरण मराठीत पक्के झाले. आज सुरुंगकामात बहुतांशी वापरतात ती स्लरी किंवा इमल्शन जातीची स्फोटके, म्हणजे अमोनियम नायट्रेटच्या पाणीदार मिश्रणाच्या कांड्या. त्यांत नोबेल यांची पाककृतीही उरलेली नाही. तरी कांडी म्हटली की ती जिलेटिनचीच. नाव आधी द्रव्याला सोडून रूपाला चिकटले आणि नंतर रूपालाही सोडून निव्वळ आकाराला चिकटले.

कोलोडियनचा आणखी एक धंदा होता, तो छायाचित्रकारांकडे. १८५१ पासून काचेवर कोलोडियनचा थर देऊन, तो ओला आहे तोवर छायाचित्र घ्यायचे आणि लगेच अंधारात धुवायचे, अशी पद्धत चालत होती. त्यामुळे छायाचित्रकाराला डोंगरावरही तंबू आणि रसायनांच्या बाटल्या वाहून न्याव्या लागत. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी कोलोडियनच्या जागी जिलेटिन वापरून पाहिले. त्यावरून पुढे कोरड्या काचा निघाल्या, महिनोन्महिने टिकू लागल्या, आणि मग फिल्म आली. चांदीच्या क्षारांचे कण जिलेटिनच्या थरात बसवलेले असत. तो थर कोरडा असताना त्यांना जागच्या जागी धरून ठेवी आणि धुताना फुगून रसायनांना आत येऊ देई. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला, तेव्हा पडद्यावर जे हलले ते अशाच जिलेटिनच्या थरावर उमटलेले होते. आणि त्या फिल्मची पट्टी कशाची होती? नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे ज्या जातीच्या कापसाने नोबेल यांचे तेल थिजवले त्याच जातीच्या द्रव्याची. खरे जिलेटिन आणि खोट्या जिलेटिनचा तो भाऊबंद असे दोघे एकाच पट्टीवर पाठीला पाठ लावून बसले होते. त्या काळची फिल्म भडकन पेट घेई, ती या दुसऱ्यामुळे.

पुढे १९२० च्या दशकात कोडॅकच्या प्रयोगशाळेत सॅम्युअल शेपर्ड यांच्या असे ध्यानात आले, की काही जिलेटिनमधली फिल्म प्रकाशाला अधिक संवेदनशील असते आणि काहींमधली मठ्ठ निघते, याचे कारण गंधकाच्या सूक्ष्म अंशात आहे. तो अंश येतो मोहरीसारख्या वनस्पतींतून, त्या खाणाऱ्या जनावरांच्या कातड्यांवाटे. गुराने रानात काय चरले, यावर सिनेमाचा उजेड ठरत होता. शाकाहारी प्रेक्षकांनी हे मनावर घेतले असते, तर चित्रपटगृहे ओस पडली असती.

कागदाचे जिलेटिन नाटकवाल्यांच्या वाटेने आले असावे, असा माझा तर्क आहे. रंगमंचावरच्या दिव्यांपुढे रंगीत उजेडासाठी पूर्वी रंगवलेल्या खऱ्या जिलेटिनचे पातळ ताव लावत. दिव्याच्या धगीने ते लवकर ठिसूळ होत, रंग उडे, आणि पाण्याचा थेंब पडला तर तिथे भोक पडे. म्हणून त्यांची जागा सेल्युलोजच्या आणि नंतर प्लास्टिकच्या पत्र्यांनी घेतली, पण इंग्रजी प्रकाशयोजनाकार त्यांना अजून 'जेल' म्हणतात आणि आपले 'जिलेटिन'. गणपतीच्या देखाव्यात कैलासावर निळा उजेड हवा असला, की ट्यूबलाइटला निळे जिलेटिन गुंडाळायचे, हे ज्ञान आमच्या आळीतल्या प्रत्येक पोराला होते. दुकानात मिळणारा कुरकुरीत ताव हा मूळचा सेलोफेन. तो झाक ब्रांडेनबर्गर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी लाकडातल्या सेल्युलोजपासून शोधला, आणि आता तर बहुतेक वेळा तेही नसून निखळ प्लास्टिक असते. पारदर्शक, रंगीत आणि पातळ एवढ्या तीन गुणांवर त्याला नाव मिळाले.

पारदर्शकतेवरून नाव पळवण्याचा हा एकच प्रसंग नव्हे. जिलेटिनचे सर्वांत शुद्ध रूप पूर्वी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढत. डच भाषेत तिला स्टर्जन माशाचा फुगा अशा अर्थाचा शब्द होता. इंग्रजांनी तो ऐकताना शेवटी 'ग्लास' ऐकला, आयझिंग्लास म्हणू लागले, आणि मग शब्दात काच आहेच म्हणून अभ्रकाच्या पारदर्शक पत्र्यालाही तेच नाव दिले. हा फुगा आपल्या किनाऱ्यावरही अपरिचित नाही. पालघरकडचे कोळी घोळ माशाच्या पोटातल्या पिशवीला 'भोत' म्हणतात, ती सुकवून परदेशी जाते, आणि कधी कधी मासा राहिला बाजूला, भोताचाच मोठा भाव येतो.

शनिवारच्या खऱ्या जिलेटिनने मात्र आमची फजिती केली. बहिणीने पाकिटावरच्या सूचना वाचून पूड आधी गार पाण्यात फुगवली, मग कोमट करून विरघळवली, अननसाच्या ताज्या फोडी आणि रस घातला आणि भांडे फ्रीजमध्ये ठेवले. रात्री पाहिले तर पाणी, सकाळी पाहिले तरी पाणी. तिने पूड जुनी असल्याचा निष्कर्ष काढला आणि दुकानदाराला दोन शब्द सुनावले. चूक दुकानदाराची नव्हती. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचे प्रथिने तोडणारे विकर असते, ते त्या धाग्यांचे तुकडे करते, आणि मग गाठी मारायला लांबीच उरत नाही. कच्ची पपई मटणाला लावतात, तेव्हा नेमके हेच आपल्याला हवे असते. दुसऱ्या खेपेला फोडी पाकात पाच मिनिटे उकळून घेतल्या आणि जेली निमूट थिजली. पाकिटावर बारीक अक्षरात 'ब्लूम २००' असे होते. मला ते फुलण्याशी संबंधित वाटले होते. प्रत्यक्षात ते ऑस्कर ब्लूम यांचे आडनाव निघाले. त्यांच्या १९२५ च्या पेटंटातल्या उपकरणात ठरावीक जाडीचा दट्ट्या ठरावीक गार जेलीत चार मिलिमीटर रुतायला किती ग्रॅम भार लागतो, ते मोजतात. जितके ग्रॅम तितका ब्लूम.

तीच जेली बहिणीने मे महिन्यात केली असती आणि पाहुण्यांपुढे टेबलावर मांडली असती, तर अर्ध्या तासात तिचे सरबत झाले असते. जिलेटिन साधारण तिशी-पस्तिशीच्या अंशांत वितळते, आणि तोंडात ते लोण्यासारखे विरते ते यामुळेच. म्हणजे हा शब्द आणि ही वस्तू दोन्ही थंड मुलखाची आहेत. फ्रीज नसलेल्या महाराष्ट्रात बाराही महिने जिलेटिन थिजवणे शक्यच नव्हते, आणि म्हणूनच आपल्याकडे या कामी रुळला तो चायना ग्रास, म्हणजे समुद्रशेवाळापासून काढलेला आगर. तो गार व्हायला लागला की नुसत्या ओट्यावरही घट्ट होतो आणि पुन्हा वितळायला पाणी जवळजवळ उकळावे लागते. हीच अडचण जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत आली होती. जिवाणू वाढवायला लागणाऱ्या शरीराइतक्या उबेला जिलेटिन वितळून जाई, आणि काही जिवाणू तर ते खाऊनच टाकत. तिथल्या वॉल्थर हेसे यांच्या पत्नी फॅनी यांनी १८८१ च्या सुमारास सुचवले, की माझ्या मुरंब्यांना आणि जेलींना उन्हाळ्यात जे लागते ते आगर वापरून पाहा. जावा बेटावर राहून आलेल्या एका डच कुटुंबाकडून तो त्यांना कळला होता. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही जिवाणू त्याच आगरावर वाढवतात.

आता दुकानात आगराच्या किंवा तत्सम पुडीच्या पाकिटावर 'व्हेज जिलेटिन' असे छापलेले मिळते. शब्दाला काटेकोर असणाऱ्या माणसाला हे 'शाकाहारी मटण' म्हटल्यासारखे वाटेल, आणि मलाही क्षणभर वाटले. पण स्फोटकांना आणि कागदाला जी मुभा दिली ती शेवाळाला नाकारायची कशी? तेही थिजतेच. फक्त औषधाच्या कॅप्सूलच्या बाबतीत मी हा उदारपणा दाखवणार नाही, कारण तिथे प्रश्न शब्दाचा नसून गिळणाऱ्याच्या नियमांचा असतो. आमच्या शेजारच्या आजी कॅप्सूल उघडून आतली पूड मधातून घेतात आणि वरची डबी कागदात गुंडाळून टाकून देतात. कॅप्सूल या शब्दाचा लॅटिनमधला अर्थही छोटी डबी असाच आहे. औषध मात्र काही वेळा त्या डबीतूनच जायला हवे असते, म्हणून उघडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.

दिवाळीनंतरच्या रविवारी आईने आमच्या कोल्हापूरच्या रीतीने मटणाची अळणी, म्हणजे बिनतिखटाचा पातळ रस, काढली होती. पाया आणि हाडे घालून ती तासन्‌तास उकळली होती, आणि उरलेली पातेलीभर रात्री फ्रीजमध्ये ठेवली होती. सकाळी झाकण काढले, तर वर चरबीचा पांढरा पापुद्रा आणि खाली अळणी पळी उभी राहील इतकी घट्ट. मी पळीच्या टोकाने टिचकी मारली आणि ती थरथरली. इटालियन माणसाने पहिल्यांदा ज्याला 'जेलातिना' म्हटले असेल, ते हेच. घरात त्या दिवसांत आलेल्या सगळ्या जिलेटिनांपैकी पुडी, डबी, नाव, ब्लूम यांपैकी काहीही नसलेले हे एकच होते. मी ते आईला दाखवायला नेले, तेव्हा तिने पातेल्यात डोकावून पाहिले आणि म्हणाली, "थिजलीय होय? मंद आचेवर ठेव जरा, लगेच उकळू नको."